आयात मांसाची उत्पादन-मानके

आयात मांसाची उत्पादन-मानके म्हणजे परदेशातून येणाऱ्या मांसाला आयातदार देश लागू करत असलेले नियम होत. जनावरांचे संगोपन, खाद्य, औषधोपचार, वाहतूक, कत्तल आणि प्रक्रिया या सर्व टप्प्यांचा त्यांत समावेश होऊ शकतो. देशांतर्गत पशुपालकांवर जी बंधने आहेत, तीच बंधने आयात मांसाच्या उत्पादकांवरही असावीत, अशी मागणी अनेक देशांतील शेतकरी, ग्राहक आणि प्राणिकल्याण संघटना करतात. अशा नियमांच्या आडून परदेशी मालाला बाजार बंद केला जातो, अशी निर्यातदार देशांची तक्रार असते. या दोन भूमिकांतील संघर्ष १९८० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय व्यापारातील एक दीर्घकालीन वाद ठरला आहे.

संकल्पना

मांसाविषयीच्या नियमांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचे नियम प्रत्यक्ष मांसाविषयी असतात. मांसात रोगजंतू आहेत का, औषधांचे अवशेष ठरावीक मर्यादेत आहेत का, हे नमुना तपासून कळू शकते. दुसऱ्या प्रकारचे नियम मांस कसे तयार झाले याविषयी असतात. गाभण डुकरीण अरुंद पिंजऱ्यात ठेवली होती का, कत्तलीपूर्वी जनावर बेशुद्ध केले होते का, कुरणासाठी जंगल तोडले होते का, या प्रश्नांची उत्तरे मांसाच्या तुकड्यात सापडत नाहीत. व्यापारविषयक लेखनात या दुसऱ्या प्रकाराला ‘प्रक्रिया व उत्पादन पद्धती’ असे म्हटले जाते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याची रचना प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या नियमांभोवती झाली आहे. पशुपालकाची तक्रार मात्र बहुधा दुसऱ्या प्रकाराशी संबंधित असते. कायद्याने त्याच्यावर मोठ्या गोठ्याचा, अधिक जागेचा किंवा औषधे कमी वापरण्याचा खर्च लादलेला असतो आणि त्याच बाजारात त्या खर्चाविना तयार झालेले मांस कमी किमतीत विकले जाते.

कायदेशीर चौकट

जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार (गॅट, १९४७) नुसार आयात मालाला देशी मालापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. या कराराच्या विसाव्या कलमात काही अपवाद दिले आहेत. सार्वजनिक नीतिमत्ता, मानव, प्राणी व वनस्पती यांचे जीवित वा आरोग्य, तसेच संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीचे जतन ही त्यांतील प्रमुख कारणे होत. मात्र अपवादाचा वापर मनमानी भेदभावासाठी किंवा व्यापारावरील छुप्या निर्बंधासाठी होऊ नये, अशी अट आहे.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. त्याच दिवशी अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्य यांविषयीचा स्वतंत्र करारही लागू झाला. तो ‘एसपीएस करार’ या नावाने ओळखला जातो. त्याची मुख्य तत्त्वे पुढीलप्रमाणे आहेत.

• उपाययोजना शास्त्रीय पुराव्यावर आणि जोखमीच्या मूल्यमापनावर आधारलेली असावी.
• आंतरराष्ट्रीय मानकांपेक्षा कडक नियम करण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे; परंतु त्यासाठी शास्त्रीय समर्थन द्यावे लागते.
• निर्यातदार देशाची पद्धत वेगळी असली तरी तिच्यातून तेवढेच संरक्षण मिळत असल्याचे त्याने सिद्ध केल्यास ती समतुल्य मानावी.
• रोगाचा विचार करताना संपूर्ण देशाऐवजी रोगमुक्त विभागांची दखल घ्यावी.
• पुरावा अपुरा असल्यास तात्पुरता उपाय करता येतो. मात्र वाजवी काळात त्याचा फेरविचार करावा लागतो.

मांसाच्या संदर्भात या कराराने दोन संस्थांची मानके प्रमाण मानली आहेत. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी स्थापन केलेला कोडेक्स अलिमेंटेरियस आयोग १९६३ पासून अन्नाची मानके ठरवतो. १९२४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेली जागतिक पशुआरोग्य संघटना जनावरांच्या रोगांविषयीची संहिता तयार करते.

ही मानके एकमतानेच ठरतात असे नाही. १९९५ मध्ये कोडेक्स आयोगाने गोमांसातील वाढ-संप्रेरकांविषयीची मानके ३३ विरुद्ध २९ मतांनी स्वीकारली. ७ देश तटस्थ राहिले. २०१२ मध्ये रॅक्टोपामाइन या, जनावरातील चरबीविरहित मांस वाढवणाऱ्या औषधाच्या अवशेषांची मर्यादा ६९ विरुद्ध ६७ अशा फरकाने संमत झाली. युरोपीय संघ, चीन व रशिया यांचा या औषधाला विरोध होता. केवळ दोन मतांच्या अंतराने ठरलेले मानक जगाला कितपत बंधनकारक असावे, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला.

प्रमुख वाद

संप्रेरकयुक्त गोमांस

अमेरिका व कॅनडा येथे मांसासाठी पाळलेल्या गुरांची वाढ लवकर व्हावी म्हणून संप्रेरके वापरली जातात. बहुतेक संप्रेरकांची गोळी जनावराच्या कानाच्या त्वचेखाली बसवली जाते. मेलेंजेस्ट्रॉल ॲसिटेट हे मात्र खाद्यातून दिले जाते. युरोपात १९८० च्या सुमारास वासराच्या मांसापासून केलेल्या बालआहारात एका कृत्रिम संप्रेरकाचे अंश आढळल्याने मोठी खळबळ उडाली. त्यानंतर युरोपीय समुदायाने टप्प्याटप्प्याने अशा वापरावर बंदी घातली आणि १ जानेवारी १९८९ पासून ती आयात मांसालाही लागू केली. अमेरिकेने त्याच वर्षी काही युरोपीय वस्तूंवर १०० टक्के जकात बसवून प्रत्युत्तर दिले.

१९९६ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. एकूण सहा संप्रेरकांचा प्रश्न होता. जानेवारी १९९८ मध्ये अपील मंडळाने निर्णय दिला की, युरोपची बंदी पुरेशा जोखीम-मूल्यमापनावर आधारलेली नाही. त्याच निर्णयात मंडळाने काही तत्त्वे युरोपच्या बाजूनेही मांडली. आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा उच्च पातळीचे संरक्षण निवडणे हा देशाचा स्वायत्त अधिकार आहे. जोखमीचे मूल्यमापन केवळ प्रयोगशाळेपुरते मर्यादित नसून माणसे प्रत्यक्ष जगतात त्या परिस्थितीचाही विचार त्यात होऊ शकतो. अल्पमतातील शास्त्रज्ञांचे मतही ग्राह्य धरता येते, असे मंडळाने म्हटले.

युरोपने बंदी उठवली नाही. त्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकेला दरवर्षी ११ कोटी ६८ लाख डॉलर आणि कॅनडाला १ कोटी १३ लाख कॅनेडियन डॉलर इतक्या मूल्याच्या प्रतिकारात्मक जकातीची परवानगी मिळाली. अमेरिकेने निवडलेल्या वस्तूंत फ्रान्सचे रोकफोर चीज होते. या चिजासाठी मेंढीचे दूध पुरवणाऱ्या शेतकऱ्यांचा गोमांसाशी काहीही संबंध नसताना त्यांच्यावर हा भार पडला. ऑगस्ट १९९९ मध्ये शेतकरी नेते जोझे बोव्हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील मियो गावी बांधकाम चालू असलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहाची मोडतोड केली. या घटनेमुळे हा तांत्रिक वाद जगभर पोहोचला.

अखेरीस २००९ मध्ये व्यवहार्य तडजोड झाली. बंदी कायम ठेवून युरोपने संप्रेरकविरहित उत्तम प्रतीच्या गोमांसासाठी जकातमुक्त कोटा खुला केला. तो प्रथम २०,००० टन होता व पुढे वाढवण्यात आला. २०१९ च्या करारानुसार एकूण ४५,००० टनांच्या कोट्यापैकी ३५,००० टनांचा वाटा सात वर्षांत टप्प्याटप्प्याने अमेरिकेसाठी राखून ठेवण्याचे ठरले. न्यायनिवाड्याने न सुटलेला प्रश्न या प्रकारे कोट्याने शमला.

क्लोरिनने धुतलेली कोंबडी

अमेरिकेत कोंबडीचे मांस जंतुनाशक द्रावणाने धुण्याची पद्धत आहे. पूर्वी त्यासाठी क्लोरिनचा वापर अधिक होता. पुढे पेरॲसेटिक आम्लाचा वापर वाढला. युरोपीय समुदायाने १९९७ पासून अशा मांसाची आयात थांबवली. २००५ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी, ठरावीक पद्धतीने वापरल्यास या द्रावणांपासून ग्राहकाला धोका दिसत नाही, असे मत दिले. तरीही २००८ मध्ये सदस्य देशांनी परवानगी देण्याचा प्रस्ताव फेटाळला. २००९ मध्ये अमेरिकेने व्यापार संघटनेकडे तक्रार केली. परंतु तिचा निकाल लागला नाही.

युरोपचा आक्षेप द्रावणापेक्षा त्यामागील पद्धतीवर अधिक आहे. पिल्लापासून कत्तलखान्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्वच्छता राखावी, शेवटी धुऊन आधीची अस्वच्छता झाकू नये, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेच्या मते अंतिम मांस सुरक्षित असेल तर मार्ग कोणता, हा प्रश्न गौण आहे. वस्तू आणि पद्धत या भेदाचे हे सर्वांत परिचित उदाहरण होय.

पद्धतीविषयीचे निर्णय

उत्पादन-पद्धतीच्या आधारे आयात रोखता येते का, याविषयीचे महत्त्वाचे निर्णय पशुपालनाबाहेरच्या प्रकरणांत झाले. कोळंबी पकडताना समुद्री कासवे मरू नयेत म्हणून जाळ्यात विशिष्ट साधन बसवण्याची अट अमेरिकेने घातली होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली. १९९८ मध्ये अपील मंडळाने असे उपाय तत्त्वतः अपवादात बसू शकतात हे मान्य केले. मात्र अमेरिकेने त्यांची अंमलबजावणी भेदभावाने केल्याचा ठपका ठेवला. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारल्यानंतर २००१ मध्ये तो उपाय ग्राह्य धरला गेला.

२०१४ मध्ये सील या सागरी प्राण्याच्या कातडी व इतर उत्पादनांवरील युरोपीय बंदीविषयी निर्णय झाला. प्राण्यांना होणाऱ्या वेदनांविषयीची समाजाची चिंता ‘सार्वजनिक नीतिमत्ता’ या अपवादात येऊ शकते, असे त्यात मान्य करण्यात आले. बंदीतील काही सवलती मात्र भेदभाव करणाऱ्या ठरल्या. या दोन निर्णयांमुळे उत्पादन-पद्धतीवर आधारित अटींना वाव आहे, परंतु त्या सर्वांना सारख्या लागू झाल्या पाहिजेत, असे तत्त्व प्रस्थापित झाले.

भारताचे कुक्कुट-आयात प्रकरण

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक नोंदवला गेला आणि मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पुढील काळात, बर्ड फ्लूची नोंद करणाऱ्या देशांतून कुक्कुट उत्पादने आणण्यास भारताने मनाई केली. २०१२ मध्ये अमेरिकेने या मनाईविरुद्ध तक्रार केली.

तंटा मंडळाने २०१४ मध्ये आणि अपील मंडळाने २०१५ मध्ये भारताच्या विरोधात निर्णय दिला. मनाईला योग्य जोखीम-मूल्यमापनाचा आधार नव्हता. शिवाय देशात उद्रेक झाल्यास भारत केवळ आसपासच्या मर्यादित क्षेत्रावर निर्बंध घाले; परदेशात उद्रेक झाल्यास मात्र संपूर्ण देशाचा माल नाकारला जाई. ही विसंगती निर्णायक ठरली. पुढे अमेरिकेने वर्षाला सुमारे ४५ कोटी डॉलरच्या प्रतिकारात्मक उपायांची मागणी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हा तंटा परस्पर संमतीने मिटवला. भारताने गोठवलेली टर्की व बदक यांसह काही अमेरिकी उत्पादनांवरील जकात कमी करण्याचे मान्य केले.

या प्रकरणामागे आर्थिक चिंताही होती. अमेरिकेत कोंबडीच्या छातीच्या मांसाला अधिक मागणी असल्याने तंगड्या तुलनेने स्वस्तात निर्यात होतात. त्या मोठ्या प्रमाणावर आल्यास देशी कुक्कुटपालक टिकणार नाहीत, अशी भीती भारतात व्यक्त झाली. भारताने कोंबडीच्या तंगड्यांवर १०० टक्के जकात ठेवली होती.

ब्रिटनमधील अनुभव

प्राणिकल्याणाच्या नियमांचा देशी उत्पादकांवर होणारा परिणाम सांगताना ब्रिटनमधील डुक्करपालनाचे उदाहरण नेहमी दिले जाते. गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात ठेवण्यावर ब्रिटनने १९९९ पासून पूर्ण बंदी घातली. उर्वरित युरोपीय संघात अशी बंदी १ जानेवारी २०१३ पासून आली व तीही गाभणकाळाचे पहिले चार आठवडे वगळून. मधल्या काळात डेन्मार्क, नेदरलँड्स आदी देशांतील डुकराचे मांस ब्रिटिश बाजारात विकले जात होते. ब्रिटनमधील डुकरांची संख्या या काळात मोठ्या प्रमाणावर घटली. चलनाचा दर, खाद्याच्या किमती आणि जनावरांतील साथीचे रोग ही कारणेही त्यामागे होती. तथापि एकतर्फी सुधारणेमुळे प्राण्यांचे हाल थांबण्याऐवजी परदेशात स्थलांतरित होतात, हा युक्तिवाद तेव्हापासून रूढ झाला.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा प्रश्न पुन्हा पुढे आला. ब्रिटनमधील राष्ट्रीय शेतकरी संघटनेच्या, आयात अन्नाला देशी मानके लावण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर २०२० मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्यानंतर व्यापार करारांचे कृषी मानकांच्या दृष्टीने परीक्षण करणाऱ्या आयोगाला कायदेशीर दर्जा मिळाला.

ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार ३१ मे २०२३ रोजी अमलात आला. त्यात गोमांसाचा जकातमुक्त कोटा पहिल्या वर्षी ३५,००० टन असून तो दहाव्या वर्षापर्यंत १,१०,००० टन होतो. संप्रेरकयुक्त गोमांसावरील ब्रिटनची बंदी कायम राहिली. परंतु संगोपनाच्या पद्धतींविषयी समान मानकांची अट घातली गेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार प्रौढ गुरांना वाहतुकीत ४८ तासांपर्यंत पाण्याविना ठेवता येते. ब्रिटनमध्ये १४ तासांच्या प्रवासानंतर विश्रांती व पाणी देणे आवश्यक असते. या मांसावर तपासणी करून असा फरक ओळखता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटन व कॅनडा यांच्यातील वाटाघाटी थांबल्या, त्यामागेही संप्रेरकयुक्त गोमांस हा एक मुद्दा होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेबरोबर झालेल्या समझोत्यात ब्रिटनने १३,००० टन गोमांसाचा कोटा दिला. मात्र अन्नमानके शिथिल केली नाहीत.

युरोपीय संघातील ‘आरसा कलमे’

देशांतर्गत नियमाचे प्रतिबिंब आयात मालाच्या अटींत उमटावे, या कल्पनेला युरोपात ‘आरसा कलमे’ असे नाव पडले आहे. या दिशेने काही तरतुदी झाल्या आहेत.

• कत्तल : २००९ च्या नियमानुसार आयात मांसाच्या आरोग्य प्रमाणपत्रात, कत्तलीच्या वेळी युरोपीय नियमांशी समतुल्य प्राणिकल्याण नियम पाळल्याची नोंद आवश्यक आहे.
• प्रतिजैविके : वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास युरोपीय संघात २००६ पासून पूर्ण मनाई आहे. २०१९ च्या पशुऔषध नियमाने ही अट आयातीलाही लागू केली असून ३ सप्टेंबर २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरवण्यात आली.
• जंगलतोड : २०२३ च्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरील गुरांचे मांस युरोपात विकता येणार नाही. या नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली.

दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर गटाबरोबर डिसेंबर २०२४ मध्ये वाटाघाटी पूर्ण झालेल्या करारात ९९,००० टन गोमांस कमी जकातीने घेण्याची तरतूद आहे. फ्रान्स, आयर्लंड आदी देशांतील पशुपालकांनी समान मानकांच्या मुद्द्यावर या कराराला तीव्र विरोध केला.

पडताळणी

उत्पादन-पद्धतीविषयीची अट जितकी तपशीलवार, तितकी तिची पडताळणी कठीण असते. बंदरावर नमुना तपासून अवशेष शोधता येतात; गोठ्यातील परिस्थितीसाठी मात्र निर्यातदार देशाच्या प्रमाणपत्रावर आणि परदेशी तपासणी पथकांच्या भेटींवर विसंबावे लागते. युरोपला गोमांस पाठवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने संप्रेरके न वापरणाऱ्या शेतांची स्वतंत्र नोंदणी आणि प्रत्येक जनावराची ओळखखूण असलेली व्यवस्था उभारली आहे. याउलट २०२४ मध्ये युरोपीय तपासणी पथकाला, ब्राझीलमधील गाईंच्या मांसात इस्ट्राडिओल वापरले नसल्याची खात्री देणारी व्यवस्था पुरेशी विश्वसनीय आढळली नाही. मार्च २०१७ मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी मांस तपासणीतील लाचखोरी उघडकीस आणली, तेव्हा अनेक देशांनी तेथील मांसाची आयात तात्पुरती थांबवली होती.

बंदीऐवजी लेबल लावून निवड ग्राहकावर सोपवावी, असा एक पर्याय सुचवला जातो. त्यालाही मर्यादा आहेत. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकल्या गेलेल्या तयार पदार्थांत घोड्याचे मांस आढळले होते. अमेरिकेने मांसावर जनावराच्या मूळ देशाचा उल्लेख सक्तीचा केला, तेव्हा कॅनडा व मेक्सिको यांनी तक्रार केली. निर्णय अमेरिकेच्या विरोधात गेल्यामुळे डिसेंबर २०१५ मध्ये गोमांस व डुकराच्या मांसासाठीची ही सक्ती रद्द करण्यात आली. उपाहारगृहे व खानावळींत शिजवलेल्या मांसाचे मूळ ग्राहकाला बहुधा कळतच नाही.

निर्यातदार भारत

भारत म्हशीच्या मांसाचा जगातील एक प्रमुख निर्यातदार आहे. गाईच्या मांसाच्या निर्यातीस देशात मनाई असून म्हशीचे हाडविरहित मांस मुख्यतः गोठवून पाठवले जाते. व्हिएतनाम, मलेशिया व इजिप्त हे त्याचे महत्त्वाचे ग्राहक होत. उत्तर प्रदेश व महाराष्ट्र ही या व्यवसायातील प्रमुख राज्ये आहेत. निर्यातीसाठीच्या कत्तलखान्यांची नोंदणी ‘अपेडा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे होते. अनेक आयातदार देश हलाल प्रमाणपत्र मागतात; हीदेखील धर्माधारित उत्पादन-पद्धतीची अट होय.

लाळ्या खुरकूत या रोगामुळे युरोपसह अनेक बाजारपेठा भारतीय म्हशीच्या मांसाला बंद आहेत. हाडे व ग्रंथी काढून, ठरावीक आम्लतेपर्यंत मुरवलेल्या मांसातून या रोगाचा प्रसार होण्याचा धोका अत्यल्प राहतो, या तत्त्वावर भारताची निर्यात चालते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनासाठी देशव्यापी लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घालण्यात आली.

युक्तिवाद आणि आक्षेप

समान मानकांचे समर्थक तीन कारणे देतात. पहिले, लोकशाही मार्गाने संमत झालेल्या नियमाचा खर्च फक्त देशी शेतकऱ्याने सोसावा हे अन्यायकारक आहे. दुसरे, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आणि जंगलतोडीचे दुष्परिणाम देशाच्या सीमेत थांबत नाहीत. तिसरे, स्वस्त आयातीच्या भीतीने सरकारे नवे प्राणिकल्याण कायदे करण्यास कचरतात.

विरोधकांच्या मते श्रीमंत देशांचे नियम त्यांच्या हवामानाला व भांडवलाला अनुसरून असतात. मोकळ्या कुरणात वाढणाऱ्या गुरांना थंड प्रदेशातील गोठ्यांचे नियम लावणे निरर्थक ठरते. नोंदी, ओळखखुणा व प्रमाणपत्रे यांचा खर्च मोठ्या कंपन्यांना पेलतो, लहान पशुपालकाला पेलत नाही. शिवाय मानके कडक ठेवणारे काही देश आपल्या शेतकऱ्यांना मोठी अनुदाने देतात. त्यामुळे स्पर्धेतील विषमता एकाच बाजूची नसते.

या दोहोंमधील मार्ग म्हणून समतुल्यतेचे तत्त्व सुचवले जाते. नियमाची अक्षरशः नक्कल न मागता त्याचा हेतू साध्य होतो का, हे पाहावे, असा त्याचा अर्थ आहे. संप्रेरकविरहित मांसाच्या कोट्याचा अनुभव असा की, आयातदाराने अट स्पष्ट ठेवली आणि ती पाळणाऱ्याला बाजार दिला, तर निर्यातदार स्वतंत्र उत्पादन-साखळी उभारतो. भारताच्या कुक्कुट प्रकरणाने दाखवून दिले की, परक्यावर लादलेली अट स्वतःच्या घरी पाळली जात नसेल, तर ती टिकत नाही.

हेही पहा

• जागतिक व्यापार संघटना
• कोडेक्स अलिमेंटेरियस
• प्राणिकल्याण
• प्रतिजैविक प्रतिकार
• लाळ्या खुरकूत
• बर्ड फ्लू